सांडपाण्यासाठी खडीचे गाळणे बांधताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सेप्टिक टाकीतून किंवा छोट्या प्रक्रिया केंद्रातून निघालेले पाणी खडीच्या थरातून गाळून मगच बागेला किंवा उसाला द्यावे, हा विचार योग्यच आहे. काळ्या दगडाची खडी इथल्या क्रशरवर सहज मिळते आणि उतार असेल तर हे गाळणे विजेशिवाय चालते. मात्र खड्ड्यात खडी पसरली की काम झाले, या समजुतीने बांधलेली गाळणी लवकर तुंबतात.

सर्वांत मोठी चूक खडी विकत घेतानाच होते. बांधकामाच्या खडीत क्रशरची चुरी आणि भुकटी मिसळलेली असते. मूठभर खडी बादलीत ढवळून पाहावी आणि पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत ती धुवावी. लहान-मोठी खडी एकत्र भरणे तितकेच घातक आहे, कारण एकसारख्या खडीत सुमारे 35 ते 40 टक्के पोकळी राहते, गाळ त्याच पोकळीत साठतो, आणि बारीक खडी नेमकी ती जागा भरून टाकते. आडव्या प्रवाहाच्या गाळण्यात आधी 20 ते 12, मग 12 ते 8 आणि शेवटी 8 ते 4 मिलिमीटरची खडी वेगवेगळ्या कप्प्यांत भरावी; क्रम उलटल्यास सगळा गाळ पहिल्याच कप्प्यात अडकतो. खानापूरकडचा जांभा लोहाच्या ऑक्साइडमुळे फॉस्फेट धरतो, हे खरे; पण त्याचे मऊ तुकडे झिजून चिखल होतो, म्हणून जांभा मुख्य थरात न मिसळता शेवटी काढता येईल अशा वेगळ्या कप्प्यात ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

पाणी आत येण्याच्या तोंडाशीच साचू लागले, तर खडी उपसण्याआधी सेप्टिक टाकी उघडून पाहावी. टाकीतला गाळ वेळेवर उपसला नसेल, तर तो पुढे वाहून येतो आणि खडी कितीही धुतली तरी तक्रार परत येते. पाण्याचा वेगही तपासावा: प्रवाहाला काटकोनात घेतलेल्या छेदाच्या दर चौरस मीटरमागे तासाला 0.3 ते 1.5 घनमीटर ही साधारण मर्यादा आहे. गणेशोत्सवात घरे भरली की हा हिशेब बिघडतो, म्हणून आधी एक साठवण टाकी असावी.

वास येऊ लागला की काही जण खडीवर ब्लीचिंग पावडर टाकतात. खडीवरच्या ज्या जिवाणूंच्या थरामुळे विरघळलेली सेंद्रिय घाण कमी होते, तोच थर त्यामुळे मरतो, आणि तो पुन्हा जमायला काही आठवडे लागतात. कुजक्या अंड्यासारखा वास हे प्राणवायू संपल्याचे लक्षण असल्याने आधी आत येणाऱ्या घाणीचा भार कमी करावा. क्लोरीन गाळण्याच्या नंतरच, स्वच्छ झालेल्या पाण्यात द्यावे.

खानापूरच्या पावसात शेताचे मातकट पाणी एकदा आत शिरले, तरी मोठे नुकसान होते; भोवती बांध आणि वरच्या बाजूला चर हवाच.

खडी तरंगता गाळ अडवते, पण क्षार काढत नाही आणि रोगजंतू पूर्णपणे मारत नाही. त्यामुळे पाणी नितळ दिसले, तरी कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना ते देऊ नये, आणि उसाला देतानाही क्षारांची तपासणी अधूनमधून करून घ्यावी.