हॉपफिल्ड नेटवर्कमध्ये देवनागरी आकडे साठवताना

भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफिल्ड यांच्या १९८२ च्या नेटवर्कला (एकमेकांना जोडलेल्या कृत्रिम न्यूरॉनच्या जाळ्याला) अर्धवट चित्र दिलं की ते साठवलेलं पूर्ण चित्र आठवतं. शिकण्याचा नियम मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांचा: जे न्यूरॉन एकत्र पेटतात, त्यांच्यातली जोडणी घट्ट. मी १० × १० च्या चौकटीत ० ते ९ हे देवनागरी आकडे भरले; प्रत्येक चौकोन म्हणजे एक न्यूरॉन, रंगवलेला +१, कोरा -१. कोणताही आकडा दिला तरी बाहेर तोच गिचमिड डाग!

नेटवर्कची साठवण्याची क्षमता साधारण ०.१३८ गुणिले न्यूरॉनची संख्या, म्हणजे १०० न्यूरॉनमध्ये तेराएक चित्रं. दहा तर आरामात बसायला हवीत. पण हा हिशोब एकमेकांशी संबंध नसलेल्या चित्रांसाठी आहे. माझ्या प्रत्येक आकड्यात बहुतेक चौकोन कोरेच (-१), त्यामुळे सगळी चित्रं भावंडांसारखी दिसत होती आणि हेबचा नियम त्यांचं सामाईक रूपच घोटत होता.

उपाय म्हणजे स्यूडो-इन्व्हर्स नियम: स्यूडो-इन्व्हर्स म्हणजे मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या तक्त्याचा) जणू व्यस्त, आणि त्यामुळे चित्रांमधलं साम्य आड येत नाही. चित्रं स्तंभांत मांडून मॅट्रिक्स एक्स केला, त्याला नम्पाय या पायथॉन लायब्ररीतल्या पिन्व्ह फंक्शनने काढलेल्या त्याच्याच स्यूडो-इन्व्हर्सने गुणलं. झालं वेट मॅट्रिक्स, म्हणजे जोडण्यांच्या ताकदीचा तक्ता! त्याचा कर्ण, म्हणजे न्यूरॉनची स्वतःशीच असलेली जोडणी, शून्य केला. न्यूरॉन एकेक करून, यादृच्छिक क्रमाने बदलले. सगळे एकदम बदलले तर नेटवर्क दोन अवस्थांत झोके घेत बसू शकतं.

आता दहाही आकडे स्थिर राहतात, थोडे पिक्सेल उलटवले तरी बहुतेक परत मिळतात. १ आणि ९ अजून अधूनमधून एकमेकांत शिरतात. कधी आकड्याचं निगेटिव्हही (रंगवलेले आणि कोरे चौकोन उलटलेलं चित्र) येतं, पण ते या नेटवर्कच्या गणितातच आहे.