गाडी मिसिंग मारतेय? प्लग-कॉइल घ्यायला पळण्याआधी या चुका टाळा

मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, इंजिन झटके देतं) सुरू झालं की आपल्याकडे क्रम ठरलेलाच असतो, आधी प्लग, मग कॉइल, मग नोझल क्लीनिंग, मग कुणीतरी म्हणतं पेट्रोलमध्ये पाणी असेल टाकी खाली करा, आणि एवढे पैसे जाऊन झाले की मग कुठे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) बाहेर निघतं. ते पहिल्याच दिवशी निघायला हवं. मी मुख्यतः मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो या ७९६ सीसी तीन सिलिंडरवाल्या गाड्यांबद्दल लिहितोय, तिथे एक सिलिंडर झोपला तरी आयडलला स्टेअरिंगपासून सीटपर्यंत थरथर येते. बाकी पेट्रोल गाड्यांनाही लॉजिक हेच.

आधी कुठला सिलिंडर मरतोय ते शोधा. स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) पी ०३०१ आला तर पहिला, पी ०३०२ आला तर दुसरा, पी ०३०० म्हणजे कुठल्या एकावर बोट ठेवता येत नाहीये. पण कोड फक्त "कुठे" ते सांगतो, "का" ते नाही, आणि लोक कोड बघून थेट कॉइलची ऑर्डर टाकतात. समजा कोड दुसऱ्याचा आलाय, आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा, कोडही पहिल्यावर सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर मग प्लग अदलाबदल करून बघा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर काय कळलं ते कळतच नाही. आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाडीत चालू इंजिनावर प्लगची वायर उपटायची जुनी सवय सोडा, शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. त्यापेक्षा एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा, जो काढल्यावर इंजिनाला काही फरकच पडत नाही तो आपला पेशंट.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग, दोघांमध्ये थोडी फट लागते. "टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ओके." अहो उलट आहे! वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, पण व्हॉल्व्ह जाळतो तो गप्प बसलेला, टाइट झालेला टॅपेट. सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) झिजून व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये (इंजिनाचा वरचा भाग) वर सरकतो, मधली फट कमी कमी होत संपते आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये जाते, टेकलाच नाही तर कड जळते. सीएनजीवर हे लवकर होतं कारण गॅस कोरडा असतो, म्हणून सीएनजीवाल्यांनी टॅपेट वाजायची वाट न बघता फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून तपासून घ्यावं. थंड इंजिनाचा गॅप आणि गरम इंजिनाचा गॅप वेगळा असतो, मॅन्युअलमधला बरोबर आकडा घ्या. काही इंजिनात गॅप जुळवायला स्क्रू नसतो, शिम (पातळ चकती) किंवा बकेट (व्हॉल्व्हवरची टोपी) बदलावी लागते, तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

जळालेल्या व्हॉल्व्हची खूण म्हणजे आयडलला मिसिंग जास्त, रेस वाढवली की बरीच कमी. पण इनटेकला हवा लीक असली तरी असंच होतं, त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरून बघा, मधूनच आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय घ्यायला हरकत नाही. पक्कं मात्र गेजच सांगतं.

ते गेजही लोक चुकीचं लावतात, थंड इंजिन, एकच प्लग काढलेला, अॅक्सिलरेटर सोडलेला, बॅटरी अर्धमेली. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. समजा १७०, १६५ आणि ९० पीएसआय आले. ९० वाल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या, आकडा चांगला वर आला तर पिस्टनच्या रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर आधी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बघा, आणि तिन्ही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते. कॉम्प्रेसरची हवा भरायची सोय असेल तर अजून सोपं (पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना भरायची), फुस्स आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा.

पेट्रोलवर मस्त आणि फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर मात्र हेड उतरवायला देऊ नका. गॅसला स्पार्क जास्त जोरदार लागतो, म्हणून थकलेला प्लग किंवा कॉइल आधी तिथेच उघडी पडते, आणि गॅसचा फिल्टर, इंजेक्टर हेही बघायचे असतात.

चेक इंजिन लाइट लुकलुकत असताना "गावी जाऊन येतो मग बघू" नको. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर स्वच्छ करणारा पार्ट) जाऊन पेटतं, आणि तो पार्ट व्हॉल्व्हच्या कामापेक्षा महाग पडू शकतो.

हेड उतरलंच तर जळालेल्या व्हॉल्व्हला नुसतं पेस्ट लावून लॅपिंग (सीटवर घासून) करून परत बसवू देऊ नका, कडेला खाच पडली असेल तर नवाच घ्या, व्हॉल्व्हचं गाइड (ज्यातून तो सरकतो ती नळी) आणि सील बघून घ्या. हेड बसवायच्या आधी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून व्हॉल्व्हकडून झिरपतंय का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा, आणि गाडी हजारेक किलोमीटर चालली की टॅपेट परत एकदा चेक करून घ्या.