मीटिंगमधले शब्द: पाठांतराआधी उगम बघा

प्रॉडक्ट टीममध्ये नवीन आलात की पहिल्या मीटिंगपासून एमव्हीपी, टेक डेट, अफोर्डन्स, कॉग्निटिव्ह लोड (डोक्यावर पडणारा विचारांचा भार) असे शब्द कानावर आदळतात. बहुतेक जण वहीत व्याख्या उतरवून पाठ करतात. त्याने इंटरव्ह्यू निभावतो, काम अडतं. तो शब्द मुळात कुणाला आणि कशासाठी लागला, हे आधी बघा.

टेक डेट, म्हणजे कोडमध्ये साचत जाणारं कर्ज, त्याचंच घ्या. १९९२ मध्ये प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम गुंतवणुकीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करत होते. विषय पुरता उमगायच्या आत कोड बाहेर काढला तरी चालेल, पण जसजसं कळेल तसतसा तो सुधारत न्यायचा, नाहीतर व्याज चढतं, असं त्यांचं म्हणणं. हल्ली गचाळ कोडवरही याच नावाचं पांघरूण घालतात. गचाळ तो गचाळच!

अफोर्डन्स, म्हणजे एखाद्या वस्तूचं आपल्याला काय करता येतं ती शक्यता. त्याचा घोळ जास्त मजेशीर. शब्द मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचा, १९८८ मध्ये डॉन नॉर्मन यांनी तो डिझाइनमध्ये रुळवला. आमच्या एका टेस्टिंगला किराणा दुकानदार काका बसले होते. ऑर्डर भरून झाली आणि ते थांबले. खाली राखाडी रंगाचं ‘पुढे’ बटण होतं. ‘हे बंद दिसतंय,’ म्हणत ते वर जाऊन एकेक रकाना बोटाने तपासू लागले. बटण चालूच होतं! मागून कुणीतरी म्हणालं, ‘अफोर्डन्स नाही.’ पण दाबता येतंय म्हणजे अफोर्डन्स आहे. दाबता येतं हे सांगणारी खूण नव्हती, तिला नॉर्मन यांनीच पुढे सिग्निफायर म्हटलं. हा कीस पाडायचा कशाला? बटण दाबताच येत नसतं तर डेव्हलपरने कोड उपसला असता. इथे फक्त खूण नव्हती, म्हणून डिझायनरने नुसता रंग बदलला.

मेन्यूत सातच पर्याय हवेत, असं कुणी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा दाखला देऊन ठासून सांगेल. मिलर यांचा प्रश्न माणूस एका वेळी डोक्यात किती धरून ठेवतो, हा होता. मेन्यू तर डोळ्यांसमोरच असतो, तो कुठे पाठ करायचाय?

एमव्हीपी, म्हणजे लोकांकडून काही शिकण्यापुरतं केलेलं कमीत कमी प्रॉडक्ट, म्हटलं की ‘यातून आपल्याला काय कळणार?’ एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर ते निव्वळ अर्धवट प्रॉडक्ट समजा. भर मीटिंगमध्ये विचारायला बिचकत असाल तर नंतर चहाला सीनियरला गाठा. व्याख्या मात्र विचारू नका, ‘म्हणजे आता नक्की काय बदलायचं?’ असं विचारा.