सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी न्यूजलेटर: दीडशे ग्राहकांवर उभी राहणारी कमाई

ईमेल न्यूजलेटरमधून पैसे मिळवायला हजारो वाचक लागतात, हा समज आधी बाजूला ठेवा. मुंबईत पैसे भरणारे दीडशे ग्राहक पुरतात. पण हे वाचक असे हवेत, की ज्यांच्या डोक्यावर कामाच्या तारखा आहेत, तारीख चुकली तर ज्यांना कुणीतरी जाब विचारणार आहे आणि तीच तारीख पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयांतच असे वाचक सापडतात.

विषय ठरवताना पहिलं पाहायचं ते हे, की हा माणूस ईमेल उघडतो का. लोहार चाळीतून माल उचलणारा इलेक्ट्रिशियन किंवा भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेणारी विक्रेती यांचा सगळा धंदा फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर चालतो. त्यांच्यासाठी कितीही चांगलं लिहिलं तरी ते वाचलं जाणार नाही. सोसायटीचा सेक्रेटरी, चार-पाच सोसायट्यांचे हिशेब लिहिणारा अकाउंटंट, खासगी क्लासचा चालक, जीएसटी भरणारा दुकानदार हे मात्र ईमेल बघतात, कारण बँकेचे आणि सरकारी खात्यांचे निरोप तिथेच येतात. दुसरं म्हणजे गरज परत यायला हवी. म्हाडाची सोडत किंवा अकरावीचा प्रवेश हे विषय जोरात चालतात, पण काम झालं की वाचक निघून जातो आणि दरवर्षी यादी नव्याने जमवावी लागते. आणि शेअर बाजाराच्या वाटेला जाऊ नका. पैसे घेऊन अमुक शेअर घ्या, तमुक विका असं सांगायचं तर सेबीची नोंदणी लागते.

पुढची सगळी मांडणी एकाच उदाहरणावर केली आहे: गृहनिर्माण संस्थांच्या कमिटीसाठी पंधरवड्याचं मराठी न्यूजलेटर. पद्धत कळली की दुसऱ्या विषयाला लावता येते.

आधी वर्षाची दिनदर्शिका भरा

पहिला अंक लिहिण्याआधी बारा महिन्यांचा तक्ता करा. सोसायटीच्या कामाला स्वतःची चाल असते. जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे ती नीट चालत असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा असतो. फेब्रुवारीत वॉटरप्रूफिंगची कोटेशन मागवली नाहीत, तर मे महिन्यात परांची बांधणारा माणूस मिळत नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. झाडांच्या फांद्या छाटायला महापालिकेची परवानगी लागते; ती मे अखेरीस मागून उपयोग नाही. लेखापरीक्षण जुलैअखेर, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या वर असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), असं आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, सांगतात.

हा तक्ता तुमचं खरं भांडवल आहे. प्रत्येक तारखेच्या किमान सहा आठवडे आधीच्या अंकात तो विषय घ्यायचा. तारखेच्या आठवड्यात पाठवलेली आठवण सेक्रेटरीच्या कामाची नसते. त्याला कमिटीची बैठक घ्यायची असते, ठराव करायचा असतो, चेकवर दोन सह्या मिळवायच्या असतात.

अंकात काय असावं

साधारण सहाशे-सातशे शब्द पुरे. वर या पंधरवड्यातल्या तारखा. मग एक विषय नीट सोडवलेला. मग एक मसुदा: सभेची नोटीस, ठराव, थकबाकीदाराला पत्र, कंत्राटदाराला कामाचा आदेश. शेवटी सोसायटीच्या कामांचे दर.

लोक पैसे भरतात ते मसुद्यासाठी आणि दरांसाठी. माहिती फुकट मिळते, पण नाव आणि तारीख घालून लगेच छापता येईल असा मराठी ठराव सहज मिळत नाही. मसुदा वर्ड फाईलमध्ये ठेवून त्याची लिंक द्या, फाईल ईमेलला जोडू नका. जोडलेल्या फाईलमुळे ईमेल जड होतो आणि स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते.

नेमकेपणा किती हवा याचा नमुना. वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात, एवढं लिहून थांबू नका. नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. म्हणजे सभा २७ सप्टेंबरला असेल तर नोटीस उशिरात उशिरा १२ तारखेला सभासदांच्या हातात पडली पाहिजे. १३ ते २६ हे चौदा दिवस. हे असं मोजून दिलं की वाचक तुमचा अंक जपून ठेवतो. तसंच बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाची आकारणी: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सांगताना एका फ्लॅटचं महिन्याचं बिल घेऊन त्यातला कोणता आकडा सेवाशुल्कात येतो आणि कोणता येत नाही, ते ओळीओळीने दाखवा.

दर छापायचे तर खऱ्या बिलांवरून. तीन-चार सेक्रेटरींकडून टाकी सफाईचं बिल मागा. टाकी किती लिटरची, गच्चीवरची की जमिनीखालची, उपनगर कोणतं, महिना कोणता, हे सगळं सोबत द्या. नुसता आकडा दिला तर मुलुंडचा दर पाहून कुलाब्यातला माणूस कंत्राटदाराशी भांडेल आणि दोष तुमच्यावर येईल. नियमांबाबतीतही प्रत्येक विधानासोबत शासन निर्णयाची किंवा उपविधीची तारीख लिहा आणि अंक पाठवण्याआधी सहकार कायद्यातल्या जाणकाराकडून तपासून घ्या. त्याचं मानधन खर्चात धरा. चूक झाली तर पुढच्या अंकात अगदी वर दुरुस्ती द्या. सेक्रेटरीने तुमच्या भरवशावर सभेत बोलायचं असतं.

पहिले शंभर वाचक

ईमेलच्या याद्या विकत घेऊ नका. परवानगीशिवाय पाठवलेल्या ईमेलवर लोक स्पॅमचं बटण दाबतात आणि मग तुमचं डोमेनच, म्हणजे ईमेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव, बदनाम होतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे.

सगळ्यात चांगली वाट अकाउंटंटची. मुंबईत एकेक जण दहा-वीस सोसायट्यांचे हिशेब लिहितो. त्याला पहिलं वर्ष फुकट द्या आणि त्याच्या हातून एक पानी पीडीएफ सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅपवर जाऊ द्या: ‘सभेआधीच्या कामांची यादी’ किंवा ‘पावसाळ्याआधीची तपासणी’. त्याच्या तळाशी नोंदणीची लिंक. दुसरी वाट हाऊसिंग फेडरेशनच्या, म्हणजे सोसायट्यांच्या महासंघाच्या, प्रशिक्षण वर्गांची. तिथे येणारे लोक नेमके तुमचे वाचक असतात. आयोजकांची परवानगी घेऊन मगच नावं लिहून घ्या. कागदावर लिहिलेल्या पत्त्यांत चुका फार असतात, म्हणून प्रत्येकाला आधी खात्रीची लिंक पाठवा आणि जो दाबणार नाही त्याला फोन करून विचारा. लिंक न दाबलेले पत्ते यादीत ठेवू नका.

नोंदणीच्या वेळी तीन गोष्टी विचारा: वॉर्ड, फ्लॅटची संख्या आणि कमिटीतलं पद. टी वॉर्ड मुलुंड, एन वॉर्ड घाटकोपर, आर सेंट्रल बोरिवली अशी विभागणी हाताशी असली की पुढे जाहिरातदाराशी बोलणं सोपं जातं. चौथा प्रश्न विचारला की लोक अर्ज अर्धवट सोडतात.

पाठवण्याची यंत्रणा, आणि देवनागरीच्या अडचणी

स्वतःचं डोमेन घ्या; .इन डोमेन साधारणपणे वर्षाला हजाराच्या आत मिळतं. साध्या जीमेल खात्यावरून सगळ्यांना बीसीसी करण्याचा मोह टाळा: दिवसाची मर्यादा ५०० ची आहे आणि नाव वगळण्याची सोय हाताने सांभाळावी लागते. ब्रेव्हो या ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या मोफत खात्यात दिवसाला ३०० ईमेल जातात, म्हणजे सहाशेची यादी दोन दिवसांत होते. झोहो कॅम्पेन्स हा भारतीय कंपनीचा पर्याय आहे. तांत्रिक माणूस हाताशी असेल तर लिस्टमंक हे मुक्त सॉफ्टवेअर अॅमेझॉन एसईएस या ईमेल सेवेला जोडून बरंच स्वस्त पडतं.

डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी पहिल्याच दिवशी करा; ईमेल खरंच तुमच्याकडून आला आहे हे त्यांवरून पडताळलं जातं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या, पण लहान यादीलाही त्याचा फायदा होतो. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायच्या आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ द्यायच्या नाहीत. ५०० च्या यादीत दोन जणांनी बटण दाबलं की ०.४ टक्के होतात. म्हणून नाव वगळण्याची लिंक ठळक ठेवा. नव्या डोमेनवरून पहिले दोन आठवडे रोज पन्नासच्या आसपास पाठवा आणि पहिल्या अंकात एका शब्दाचं उत्तर मागा, ‘मिळालं’ एवढंच. वाचकाने उत्तर दिलं की पुढचे अंक इनबॉक्समध्ये पोचायला मदत होते.

आता मराठीपुरत्या गोष्टी. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीतच, असावा. छापखान्याकडून आलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टच्या फाईलमधून चिकटवलं तर वाचकाला अगम्य अक्षरं दिसतात. जीमेल १०२ केबीच्या पुढचा ईमेल कापतो आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. मजकूर जड आणि त्यात रंगीत टेम्प्लेटचा कोड, असं झालं की तळाची नाव वगळण्याची लिंकच गायब होते आणि चिडलेला वाचक स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून साधा, एका रकान्याचा अंक काढा. अक्षर १७-१८ पिक्सेल, ओळींतलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. विषयाच्या ओळीतली पहिली तीसेक अक्षरंच मोबाईलवर दिसतात, तेव्हा तारीख आधी: ‘१२ सप्टेंबरच्या आत नोटीस काढा’.

पाठवायची वेळ शुक्रवारची संध्याकाळ. कमिटीच्या बैठका बहुधा रविवारी सकाळी असतात. मधला शनिवार सेक्रेटरीला वाचायला मिळतो. ईमेल किती जणांनी उघडला या आकड्यावर विसंबू नका. २०२१ मध्ये अॅपलने मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून तो फुगून येतो. मसुद्याची लिंक किती जणांनी दाबली आणि किती जणांनी उलट प्रश्न विचारला, ते मोजा.

पैसे कुठून येतात

वर्गणी माणसाकडून घेऊ नका, सोसायटीकडून घ्या. सेक्रेटरी स्वतःच्या खिशातून शंभर रुपये द्यायला कां-कूं करतो, पण सोसायटीच्या खर्चात बाराशे सहज बसतात. त्यासाठी सोसायटीच्या नावाने क्रमांक घातलेलं बिल, तुमचा पॅन, बँकेचा तपशील आणि खजिनदाराला कोणत्या खात्यावर टाकायचं ते सुचवणारी एक ओळ द्या: ‘पुस्तके व नियतकालिके’. वर्गणी वर्षाचीच ठेवा. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी सोसायटीच्या दोन सह्यांच्या खात्याला जमत नाही. परदेशी मंचांवरची सशुल्क सोय बऱ्याचदा स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीवर अवलंबून असते आणि स्ट्राइपचं नवं खातं भारतात निमंत्रणाशिवाय मिळत नाही. म्हणून थेट बँक खातं, यूपीआय आणि चेक हे तिन्ही मार्ग खुले ठेवा. ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे वापरलात तर साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून १,२०० मागे २८ रुपये जातात.

तारखा सगळ्यांना फुकट, मसुदे, दर आणि प्रश्नोत्तरं वर्गणीदारांना. १५० सोसायट्या झाल्या की १,८०,००० रुपये. पहिल्या वर्षी तीस-चाळीसच धरा आणि नोकरी सोडू नका.

जाहिरात अंकात एकच, आणि तिच्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहिलेलं. यादी लहान असल्यामुळे हजार वाचकांमागे दर सांगण्यात अर्थ नाही. चारशे सेक्रेटरी म्हणजे, सोसायटीमागे चाळीस घरं धरली तर, १६,००० घरांची खरेदी ठरवणारे लोक. टाकी सफाई, लिफ्टची देखभाल, पेस्ट कंट्रोल, सीसीटीव्ही यांना अंकामागे २,५०० रुपये सांगा, पैसे आगाऊ घ्या. वर्षाच्या २४ अंकांपैकी सोळा विकले गेले तर ४०,०००. जाहिरात घेण्याआधी दोन सोसायट्यांना फोन करून त्या कंत्राटदाराचं काम कसं झालं ते विचारा.

विकासक आणि पुनर्विकासाचे सल्लागार यांच्या जाहिराती मात्र घेऊ नयेत, रक्कम कितीही मोठी असली तरी. पुनर्विकासाची प्रक्रिया ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे समजावून सांगणं हे तुमचं काम आहे. शेजारीच एका विकासकाचं नाव दिसलं, की ज्याचा पुनर्विकासाला विरोध आहे तो सभासद अंक सभेत फडकवतो आणि सेक्रेटरी अडचणीत येतो. लोकांची राहती घरं पणाला लागलेली असतात.

कागदपत्रं

गुमास्ता (दुकाने व आस्थापना) कार्यालयाला ऑनलाइन सूचना, लघुउद्योगांसाठीची उद्यम ही मोफत नोंदणी आणि वेगळं चालू खातं एवढ्यावर सुरुवात होते. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो. वर्गणी आणि जाहिरात मिळून उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. तोवर बिलावर जीएसटी लावता येत नाही आणि ‘जीएसटी नोंदणी नाही’ असं छापलेलं बरं, खजिनदार हमखास विचारतो.

नूतनीकरणाचं बिल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, नव्या वर्षाचं अंदाजपत्रक हातात असतं तेव्हा. सोबत गेल्या वर्षी दिलेल्या मसुद्यांची यादी जोडा. नवी कमिटी निवडून आली असेल तर जुन्या सेक्रेटरीकडूनच नव्याचा ईमेल मागून घ्या, नव्याला खात्रीची लिंक पाठवा आणि त्याला मागचे सहा अंक एकत्र द्या.