भजनाच्या चित्रांचं प्रदर्शन गावातच कसं लावायचं अन् प्रिंट कसे काढायचे
भाऊ, गॅलरी म्हणजे नागपूरच पायजे असं काही नाही, समाजमंदिराचा हॉल नाहीतर शाळेची एखादी खोली बस झाली. विषय तर आपल्या घरचाच हाय, तुकडोजी महाराजांची खंजेरी, झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) दंडार म्हणजे तिथलं लोकनाट्य. आधी रात्री भजनात जाऊन बसा अन् तिथंच स्केच करा, कारण थाप पडताना मनगट कसं वळते ते फोटोत बरोबर येत नाही.

प्रिंटसाठी लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर (लिनोवर) कोरून छापणं, स्वस्त पडते. लिनोवर चित्र आरशात दिसते तसं उलटं कोरायचं, अक्षरं असली तर तीही उलटी, मग रोलरनं शाई लावून कागद ठेवायचा अन् चमच्याच्या पाठीनं सारखं घासायचं, मशीन लागत नाही. कागद ॲसिड-फ्री घ्या, साधा पिवळा पडते.

२० प्रिंट ठरवले तर २० च काढा! खाली डावीकडे पेन्सिलनं १/२०, २/२० असं लिहा, उजवीकडे सही, अन् शेवटी त्या लिनोवर आडव्या रेघा कोरून तो बाद करा, एकविसावा निघाला की आधी घेणाऱ्याचा विश्वास गेला, यात मी तडजोड करतच नाही.

प्रदर्शन कापूस वेचणी संपल्यावर ठेवा, चित्रं डोळ्याच्या उंचीवर, उन्हापासून दूर लावा. उद्घाटनाला भजन मंडळालाच बोलवा, ज्यांची चित्रं काढली त्यांना पहिला प्रिंट द्या.