पोरगं परदेशात एकटं पडलंय असं वाटतंय? नाशकात बसून काय काय करता येतं

फोनवर "सगळं ठीक आहे" असं उत्तर आलं की तिथेच थांबू नका. सिडको असो नाहीतर गंगापूर रोड, घरावर लोन काढून किंवा द्राक्षाच्या एका सीझनचे सगळे पैसे घालून पोराला पाठवलेलं असतं आणि हे त्याला पक्कं माहीत असतं, त्यामुळे तो खरं सांगतच नाही, घरच्यांना अजून टेन्शन कशाला म्हणून.

मी बाहेर शिकत होते तेव्हा आमच्या मजल्यावर चिनी आणि कोरियन मुलं खूप होती, त्यांच्याकडेही अगदी हेच. चीनमध्ये २०१५ पर्यंत एक मूल धोरण होतं त्यामुळे बरीच जणं एकुलती एक, आईबाबा आणि दोन्हीकडचे आजीआजोबा सगळ्यांची आशा त्या एकट्यावर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या चिनी विद्यार्थ्यांचा एक सर्व्हे २०१३ मध्ये छापून आला, त्यात ४५ टक्के मुलांमध्ये डिप्रेशनची लक्षणं होती, २९ टक्क्यांमध्ये अँग्झायटीची, आणि मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा म्हणजे २७ टक्के मुलांना कॅम्पसवर काउन्सेलिंग मिळतं हे कधी कळलंच नव्हतं. म्हणून आजच्याच फोनवर त्याला सांगा की युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरचा नंबर सेव्ह कर, बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या भेटी फीमध्येच धरलेल्या असतात, वेगळे पैसे पडत नाहीत.

आता ओळखायचं कसं. "मला एकटं वाटतंय" असं सरळ कोणी म्हणत नाही, आपल्याकडे तर नाहीच. पोट बिघडलंय, डोकं दुखतंय, झोप येत नाही, थकवा आहे असंच कानावर येतं. १९८० मध्ये आर्थर क्लाइनमन या डॉक्टरांनी चीनमधल्या हुनानमध्ये अशक्तपणा, डोकेदुखी, निद्रानाश यांच्यासाठी उपचार घेणारे १०० पेशंट तपासले तर त्यातल्या ८७ जणांना डिप्रेशन निघालं. त्यामुळे दर आठवड्याला नवीन दुखणं सांगत असेल तर ओव्याचं पाणी पी म्हणून विषय संपवू नका, डॉक्टरकडे जायला सांगाच आणि मन कसं आहे तेही विचारा. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा सतत बंद, दिवसा झोप, स्वयंपाक सोडून दिलाय, लेक्चर बुडतायत, हे सगळं एकत्र दिसलं तर लक्ष द्या.

फोनची वेळ बदलून बघा, हे मी सगळ्यांना सांगते. आपल्या सोयीने रात्री ९ ला करतो तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा असतात, पोरगं घाईत असतं. एकटेपणा खायला उठतो तो त्यांच्या संध्याकाळी, आणि आपल्या सकाळी साडेसहाला तिथे रात्रीचे ८ वाजलेले असतात, म्हणजे आपला चहा आणि त्याचं जेवण एकत्र होऊ शकतं. जर्मनीचं उलटं, आपले रात्रीचे ९ म्हणजे तिथे हिवाळ्यात दुपारचे साडेचार, पण डिसेंबरात बर्लिनला तोवर अंधार झालेला असतो, ती वेळ चांगली. आणि बोलायचं काय तर मार्क आणि नोकरी सोडून काहीही, गोदेला पूर आला तर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं, द्वारकाला किती ट्रॅफिक लागलं, मिसळ कुठे खाल्ली, मग तोही हळूहळू आपलं सांगायला लागतो. "शेजारच्यांचा बघ कसा सेटल झाला" हे वाक्य मात्र कायमचं बंद करा प्लीज.

दिवाळीचा फराळ पाठवताना एकट्यापुरता पाठवू नका, चिवडा जास्तीचा टाका आणि खा म्हणावं मजल्यावरच्या मुलांना बोलावून. चिनी आणि कोरियन मुलांचंही नवीन वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत ऐन सेमिस्टरमध्ये येतं आणि त्यांनाही घर आठवतं, ती मग आपल्या पोराला जेवायला बोलावतात. महाराष्ट्र मंडळ आहेच, पण तिथली भेट सणापुरती होते, रोजच्या जेवणाला शेजारी कोणीतरी लागतं.

व्हिसाची भीती खूप आहे ती आधी काढा. काउन्सेलरकडे गेलं म्हणून व्हिसा जात नाही. उलट अमेरिकेत एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आजारपणासाठी कमी विषय घेता येतात, त्या डिग्रीत एकूण १२ महिन्यांपर्यंत, आणि मानसिक आजारही त्यात धरतात, फक्त डॉक्टरचं किंवा सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं आणि विषय सोडायच्या आधी कॉलेजच्या डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची व्हिसाची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी. न विचारता विषय सोडला तर मात्र खरंच प्रॉब्लेम होतो.

"मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलला तर सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला अमेरिकेत किंवा कॅनडात ९८८, इंग्लंडमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ हे अशा वेळच्या हेल्पलाइनचे नंबर द्या. तुम्हाला ते इथून लागणार नाहीत, म्हणून रूममेटचा आणि कॅम्पस सिक्युरिटीचा नंबर देशाच्या कोडसकट आत्ताच वहीत लिहून ठेवा, पोरगं फोन उचलत नसेल तर सिक्युरिटीला खोलीवर जाऊन बघायला सांगता येतं. काउन्सेलर पोराच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाही, पण तुमचं ऐकून घेतो, तेवढं तरी कळवा. तुमचीच झोप उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावा, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.

आणि थोडे दिवस घरी येतो म्हणाला तर येऊ द्या. अमेरिकेत असेल तर तिकीट काढायच्या आधी आय-ट्वेंटीवर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला कागद) डीएसओची ट्रॅव्हलची सही आहे का ते बघायला लावा, आणि मध्येच कसा काय आला असं नातेवाइकांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या, त्याला द्यायला लावू नका.