जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार, पैसा आणि शिकणे: तपासायचे कसे

वर्गखोलीचे छत गळते, पाच वर्गांना दोनच शिक्षक असतात, वीज तोडली जाते, आणि गाव मुख्याध्यापकांना धारेवर धरते. या तिन्हींपैकी एकाही गोष्टीचा निर्णय एकट्या मुख्याध्यापकांच्या हातात नसतो. खोलीची मंजुरी एका टेबलावर होते, शिक्षकाचे पद दुसऱ्या आणि बिलाचे पैसे तिसऱ्या. कोणता कागद कोणत्या टेबलावर असतो हे कळले, की निम्मी भांडणे टळतात आणि उरलेली योग्य माणसाशी होतात. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामीण जिल्हा परिषद शाळांच्या पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी आहे.

सुरुवात यू-डायस क्रमांकापासून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचातल्या शाळेच्या ओळख क्रमांकापासून करा. तो अकरा अंकी असतो आणि बहुधा शाळेच्या फलकावरच लिहिलेला असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यानंतरचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. यू-डायस प्लस संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला, की शाळेचे प्रगतिपत्रक मिळते: पट (नोंदलेल्या मुलांची संख्या), शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, वीज, मिळालेले अनुदान. त्याची प्रत काढा आणि ती हातात घेऊन शाळेत एक फेरी मारा. प्रत्येक ओळ डोळ्यांनी पडताळायची. हे काम तासाभराचे आहे, पण पुढचे सगळे त्यावर उभे राहते. कारण समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचा वार्षिक आराखडा याच माहितीवरून बनतो. मुलींचे स्वच्छतागृह दार मोडून वर्षभर बंद असेल आणि माहितीत मात्र ‘वापरात आहे’ असे भरले असेल, तर जिल्ह्याच्या हिशेबी तुमच्या शाळेला स्वच्छतागृहाची गरजच नाही. शाळा चांगली दिसावी म्हणून सगळीकडे ‘आहे’ लिहिण्याची सवय अशी अंगाशी येते. माहिती भरण्याची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर असते. दुरुस्ती सुचवायची तर त्याच सुमारास सुचवा. मार्चमध्ये बोलून उपयोग नाही.

कोण काय ठरवते

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१चा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जिल्ह्यात दोन साखळ्या समांतर चालतात. एक निवडून आलेल्यांची: सर्वसाधारण सभा अंदाजपत्रक मंजूर करते आणि शिक्षण समिती शाळांचे विषय हाताळते. दुसरी अधिकाऱ्यांची: मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्याखाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटला (तालुक्याच्या एका भागाला) विस्तार अधिकारी, काही शाळा मिळून एक केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. सदस्यांची मुदत संपून निवडणूक लांबली, तर पहिली साखळी गळून पडते आणि प्रशासक दोन्हींचे काम पाहतो. अशा काळात सदस्याकडे हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. अर्ज थेट कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

जिल्हा परिषदेच्या वर राज्य आहे, आणि महत्त्वाच्या दोऱ्या तिथेच आहेत. पगाराचे पैसे राज्याचे, ते शालार्थ प्रणालीतून निघतात. शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून होते. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते, पाठ्यपुस्तके बालभारती काढते. म्हणून ‘जिल्हा परिषदेने शिक्षक द्यावा’ असा ठराव गावाने कितीही वेळा केला, तरी पद मंजूर नसेल तर जिल्हा परिषद तो देऊ शकत नाही.

शाळेच्या पातळीवर शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचा आधार शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१. कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. राज्यात समिती १२ ते १६ जणांची असते, मुदत दोन वर्षांची. अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात आणि बैठक दर महिन्याला अपेक्षित असते. समिती खरी की कागदावरची, हे ओळखायला इतिवृत्ताची वही पुरते. सहा महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बसणीत केलेल्या दिसल्या तर काय ते समजा. समितीचे सगळ्यात मोठे हत्यार कलम २२ मधला शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षवार भाग पाडतात, आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार व्हायला हवा. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीची प्रत तारीख बदलून लावलेली सापडते.

शिक्षक किती हवेत

पहिली ते पाचवीसाठी कायद्याच्या परिशिष्टातले आकडे असे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार, १२१ ते २०० पाच, १५० च्या वर पट गेला की वेगळा मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर वर्गाला किमान एक आणि दर ३५ मुलांमागे एक, त्यातही गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी एक.

प्रत्यक्षात पदे ठरतात ती दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे पट पाहून शाळेची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत. राज्याच्या शासन निर्णयांनुसार नवे पद मिळण्याचा आकडा आणि असलेले पद टिकण्याचा आकडा वेगळे असू शकतात, म्हणून चालू वर्षाचा संचमान्यता तक्ता मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. त्यात तीन रकाने वाचायचे: मंजूर, कार्यरत, रिक्त. मंजूर पदच कमी असेल तर प्रश्न पटाचा आहे. मंजूर असून रिक्त असेल तर तो भरतीचा किंवा बदल्यांचा आहे, आणि तिथे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ दाखवता येते: शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत.

इथे एक गोष्ट हमखास नडते. संचमान्यतेत आधार वैध झालेली मुलेच धरली जातात. नावातल्या एका वेलांटीमुळे किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे आधार जुळले नाही, तर मूल वर्गात रोज बसूनही हिशेबात नसते. ६३ चा पट असलेल्या शाळेत अशी तीन मुले निघाली, तर ती ६० वर येते आणि तिसऱ्या शिक्षकाचा दावा तिथेच कच्चा पडतो. जूनमध्येच जुळत नसलेल्यांची यादी काढून त्या पालकांना आधार केंद्रावर पाठवणे, हे समितीला करता येण्याजोगे सर्वांत मोलाचे काम आहे.

पैसा

शाळेवरच्या खर्चाचा बहुतांश भाग पगार असतो आणि तो शाळेच्या खात्यातून जात नाही. गावाला दिसतो तो उरलेला छोटा भाग, आणि तोही अनेक नळांनी येतो.

मुख्य नळ समग्र शिक्षेचा. ही योजना २०१८-१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. संयुक्त शाळा अनुदानाची पट पाहून ठरलेली कमाल रक्कम अशी: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा. आता ६४ मुलांच्या शाळेचे गणित मांडा. २५,००० मधून स्वच्छतेचे २,५०० गेले, २२,५०० उरले. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,२५०. त्यात वीज, खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती. ‘अनुदान आले, गेले कुठे’ असे विचारण्याआधी ही रक्कम डोळ्यांसमोर ठेवावी. क्रीडा साहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि दोन गणवेशांसाठी प्रत्येक पात्र मुलामागे ६०० रुपये, हेही याच योजनेतले.

शाळेच्या खात्यात आता पैसे पडून राहत नाहीत. खर्चाची मर्यादा येते, आणि मुदतीत खर्च झाला नाही तर ती परत जाते. मर्यादा उशिरा, कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये आली की आठवड्याभरात बिले जमवण्याची घाई होते आणि नको त्या वस्तू घेतल्या जातात. यावर साधा उपाय: काय घ्यायचे याचा ठराव समितीने डिसेंबरमध्येच करून ठेवावा, दरपत्रके तयार ठेवावीत. तपासणी करताना चार कागद शेजारी मांडा: ठराव, बिल, साठा नोंदवही आणि उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्चले याचा दाखला). बिलात आहे पण साठ्यात नाही, अशी वस्तू दिसली तर तिथे थांबा.

नवी खोली किंवा मोठी दुरुस्ती या अनुदानातून होत नाही. त्यासाठी जिल्हा वार्षिक योजना, समग्र शिक्षा किंवा जिल्हा परिषदेचा सेस (तिचा स्वतःचा निधी). धोकादायक खोली पाडायची तर आधी बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी आणि निर्लेखनाचा, म्हणजे खोली नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव लागतो. निर्लेखन झाले नाही तोवर जुनी खोली कागदावर ‘आहे’, आणि खोल्या पुरेशा दिसतात. नव्या खोल्यांचे पुष्कळ अर्ज इथेच अडकलेले असतात. पाणी आणि स्वच्छतागृहासाठी मात्र ग्रामपंचायतीकडे जा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग याच दोन कामांना बांधून दिला होता. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घेतले पाहिजे, नुसते सरपंचांच्या कानावर घालून भागत नाही.

पोषण आहाराचा हिशेब वेगळा ठेवतात. पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. शिजवण्याच्या साहित्याचा दर १ मे २०२५ पासून अनुक्रमे ६.७८ आणि १०.१७ रुपये ठरला. पहिली ते पाचवीची ४० मुले जेवली तर चार किलो तांदूळ आणि २७१ रुपये २० पैसे. ग्रामीण शाळांना डाळ, तेल, मीठ-मसाला बहुधा पुरवठादाराकडून मिळतो आणि शाळेकडे फक्त इंधन-भाजीपाल्याचे पैसे येतात. तेव्हा सगळी रक्कम मुख्याध्यापकांच्या हातात असते असे समजू नका. तपासायचे ते हजेरीपट आणि जेवलेल्यांची नोंद यांतले अंतर.

मुले शिकतात का

असर या घरोघरी केलेल्या शिक्षण पाहणीच्या अहवालातले जिल्ह्याचे आकडे किंवा ४ डिसेंबर २०२४ ला झालेले परख हे राष्ट्रीय सर्वेक्षण यांवरून तुमच्या शाळेबद्दल काहीच सांगता येत नाही. असरमध्ये जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडतात. शिष्यवृत्तीचे निकालही फसवे: किती उत्तीर्ण झाले यापेक्षा वर्गातल्या किती मुलांना परीक्षेला बसवले, हे आधी विचारा.

सरळ मार्ग असा की तिसरीच्या मुलांना वाचायला लावावे. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टानुसार दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता आले पाहिजेत. संख्या दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९,९९९ पर्यंत. पाठ झालेला धडा देऊ नका, न पाहिलेला परिच्छेद द्या. एकेका मुलाला बाजूला बसवा, चारचौघांत नाही. आणि वर्गात आठच मुले असतील तर टक्केवारी काढू नका. एक मूल इकडे-तिकडे झाले की साडेबारा टक्के हलतात. नावानिशी यादी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा ऐका.

गळती पाहायला जुने हजेरीपट लागतात. चार वर्षांपूर्वी पहिलीत असलेली नावे आज पाचवीत आहेत का, नसतील तर दाखला कुठल्या शाळेत गेला, ते एकेक शोधायचे. ऊसतोडीला जाणारी घरे असतील तर जून आणि जानेवारीची हजेरी वेगवेगळी पाहा. वर्षाची सरासरी तो खड्डा बुजवून टाकते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मुले गाव सोडण्याआधी पोचली पाहिजे.

उत्तर मिळाले नाही तर

समितीचा ठराव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. मुलांच्या हक्काची बाब असेल तर अर्जात शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ लिहा: स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. कागदच दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘शाळेची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की अर्ज लोंबकळतो. ‘अमुक वर्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि साठा नोंदवहीची प्रत’ असे लिहिले तर टाळायला जागा राहत नाही.